भर दुपारची हवा

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला "आरोग्यावर वीस मिनिटे बोल" असे सांगितले. बीपी, शुगर आणि गुडघे, असे आपल्या वयाला शोभणारे विषय अनेकांच्या मनात असतील. पण मी छातीच्या रोगांची डॉक्टर आहे, आणि मेळाव्याच्या निमित्ताने आपण शाळेला काही देणार आहोत असेही ठरले आहे. म्हणून ज्या विषयाचा संबंध आपल्या छातीशी आहे आणि शाळेच्या मैदानाशीही आहे, तो मी निवडला. विषय आहे ओझोन.

ओझोन म्हटले की आपल्याला भूगोलाच्या तासाची आठवण येते. आकाशात उंचावर ओझोनचा थर असतो, तो सूर्याची अतिनील किरणे अडवतो, त्याला भोक पडले तर वाईट. हे सगळे खरेच आहे. पण तो थर आपल्यापासून साधारण १५ ते ३५ किलोमीटर उंचावर आहे. तोच वायू जमिनीलगत, आपल्या नाकासमोर तयार झाला तर तो विषारी ठरतो. वर छत्री, खाली विष, असे लक्षात ठेवा.

रसायनशास्त्राचा तास आठवणाऱ्यांसाठी थोडे अधिक सांगते. ऑक्सिजनच्या रेणूत दोन अणू, ओझोनमध्ये तीन. हा तिसरा अणू फार चंचल. तो दिसेल त्याला जाऊन चिकटतो आणि त्याला जाळतो. १८४० च्या सुमारास श्योनबाइन या शास्त्रज्ञाने या वायूला नाव दिले ते त्याच्या वासावरून; ग्रीक भाषेत 'ओझिन' म्हणजे वास येणे. झेरॉक्सच्या दुकानात किंवा जवळ वीज कडाडल्यावर जो एक तिखट वास येतो, तो बहुधा याचाच.

आता महत्त्वाची गोष्ट. धूळ, धूर, राख या गोष्टी कुठून तरी निघतात. त्या सोडणाऱ्याकडे आपण बोट दाखवू शकतो. जमिनीलगतचा ओझोन मात्र थेट कोणत्याही धुराड्यातून निघत नाही. तो हवेत शिजतो. मोटारी, ट्रक, जनरेटर आणि औष्णिक वीजकेंद्रे यांतून नायट्रोजनची ऑक्साइडे निघतात. पेट्रोलच्या वाफा, रंग-थिनर, चुलीचा धूर, जळणाऱ्या पऱ्हाट्या आणि तुराट्या यांतून कार्बनयुक्त वाफा निघतात. हा झाला शिधा. जाळ कोणाचा, तर उन्हाचा. ऊन नसेल तर हा स्वयंपाक होत नाही. १९५० च्या सुमारास अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस शहरात डोळे झोंबणारे धुके का पडते याचा शोध हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने घेतला, तेव्हा हे कोडे सुटले. त्या काळी हवेतला ओझोन ओळखायची एक युक्ती होती: ताणलेल्या रबराला किती लवकर चिरा पडतात ते पाहायचे. जो वायू रबर चिरतो तो फुप्फुसाच्या नाजूक अस्तराचे काय करत असेल, याचा अंदाज करा.

मग आपल्या जिल्ह्याचे काय? यवतमाळला ना मुंबईएवढ्या गाड्या, ना तेवढे कारखाने. इथेच आपली फसगत होते, म्हणून तीन गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट उन्हाची. मार्च ते मे या काळात आपल्याकडे आकाश निरभ्र असते आणि सूर्य डोक्यावर असतो. ओझोन शिजायला याहून चांगली चूल नाही. दिवसाच्या हिशेबात सकाळी तो कमी असतो, ऊन चढते तसा वाढत जातो, दुपारी दोन-चारच्या सुमारास शिखर गाठतो आणि सूर्य कलल्यावर उतरतो. वर्षाच्या हिशेबात उन्हाळ्यात जास्त असतो आणि मृगाचा पाऊस लागला, ढग आले, समुद्रावरची स्वच्छ हवा आली की घटतो.

दुसरी गोष्ट शिध्याची. वणी-मारेगावच्या बाजूला कोळशाच्या खाणी आहेत आणि रात्रंदिवस ट्रक आहेत. वर्धा नदी ओलांडली की चंद्रपूरचे महाऔष्णिक वीजकेंद्र आहे. इकडे आपल्या वावरात उलंगवाडी झाली की पऱ्हाट्या पेटतात, धुरे पेटतात. मोहफुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात आणि ती आग कधी कधी जंगलात शिरते. हे सारे नेमके ऊन तापायच्या दिवसांत होते.

तिसरी गोष्ट ऐकून नवल वाटेल. भर शहरातल्या चौकात ओझोन पुष्कळदा कमी भरतो. कारण गाडीच्या नळकांड्यातून निघालेला ताजा नायट्रिक ऑक्साइड ओझोनला खाऊन टाकतो. हवा पुढे सरकत खेड्याकडे गेली की हा खाणारा कमी होतो, शिजणे चालू राहते, आणि ओझोन तिथे टिकतो. त्यामुळे धूर शहराचा आणि ओझोन गावाचा, असेही घडू शकते. चंद्रपूर आणि नागपूरला हवा सतत मोजणारी केंद्रे आहेत. पण तिथल्या चौकाचा आकडा दारव्हा किंवा राळेगावच्या शिवाराला जसाच्या तसा लावता येत नाही. "आमच्या खेड्यातली हवा एकदम शुद्ध" हे वाक्य निदान ओझोनपुरते तपासून घेतले पाहिजे. शिवाय झाडांची पाने ओझोन शोषून घेतात, पण आपले जंगल सागाचे. एप्रिलमध्ये त्याच्या अंगावर पान नसते. ज्या महिन्यात ओझोन गिळणारी पाने हवीत, त्याच महिन्यात ती जमिनीवर पडलेली असतात. मग आपण त्यांना काडी लावतो.

आता छातीत काय होते ते पाहू. काही वायू पाण्यात चटकन विरघळतात. ते नाका-घशातच अडकतात, आपल्याला खोकला येतो आणि आपण दूर पळतो. ओझोन पाण्यात फारसा विरघळत नाही, म्हणून तो थेट आत, फुप्फुसाच्या टोकापर्यंत पोचतो. तिथल्या अस्तराला सूज येते, श्वासनळ्या आवळतात, खोल श्वास घेताना छातीत टोचते, कोरडा खोकला येतो. निरोगी माणसाला सहसा काही काळाने बरे वाटते. दमेकऱ्याला मात्र त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी धाप लागते, आणि आदल्या दुपारशी त्याचा संबंध कोणी जोडत नाही.

किती त्रास होणार हे तीन गोष्टींच्या गुणाकारावर ठरते: हवेत ओझोन किती, आपण श्वास किती घेतो आणि किती तास घेतो. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा-आठ लिटर हवा आत घेतो. कष्टाचे काम करणारा पस्तीस-चाळीस लिटर घेतो. आठ तासांचा हिशेब मांडा. बसलेल्याच्या छातीतून साधारण ३,४०० लिटर हवा जाते, कष्ट करणाऱ्याच्या छातीतून १६,००० लिटरहून अधिक. हवा तीच, आकडा तोच, पण एकाच्या वाट्याला पाचपट. भारतात २००९ साली ठरवलेल्या मानकाप्रमाणे आठ तासांच्या सरासरीत घनमीटरला १०० मायक्रोग्रॅमपर्यंत ओझोन चालतो. पण तो आकडा हवेचा आहे. छातीत किती गेला हे तो सांगत नाही.

अमेरिकेत याचा मोठा अभ्यास झाला आहे. तिथल्या ९५ शहरांची आकडेवारी तपासून २००४ साली असे दिसले की ओझोन अब्जात १० भागांनी, म्हणजे आपल्या मापात सुमारे २० मायक्रोग्रॅमने, वाढला की पुढच्या आठवड्यातले मृत्यू सरासरी अर्ध्या टक्क्याने वाढतात. अर्धा टक्का ऐकायला लहान आहे. मोठ्या लोकसंख्येत तो मोठा होतो. त्याहून महत्त्वाचे पुढचे. तेवढ्याच ओझोनचा परिणाम सगळ्या शहरांत सारखा नव्हता. २००८ साली त्याच संशोधकांपैकी काहींनी ९८ ठिकाणे घेऊन हा फरक का पडतो ते शोधले. जिथे बेरोजगारी जास्त तिथे परिणाम जास्त, आणि जिथे घरोघर एसी तिथे परिणाम कमी. थोडक्यात, विष एकच असले तरी ते कोणाला किती बाधेल हे त्या गावाची घरे, काम आणि गरिबी ठरवतात.

हे सगळे अमेरिकेचे झाले. पण मित्रांनो, हा धडा यवतमाळने स्वतःच्या अंगावर शिकला आहे. २०१७ चा खरीप आठवा. कपाशीवर फवारणी करताना आपल्या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात भरती झाले. ओझोन आणि कीटकनाशक या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्हींची तुलना मी करत नाही. पण ती औषधे देशात इतरत्रही वापरली जात होती. मग आपल्याकडेच एवढा कहर का झाला? त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्याइतकी आणि त्याहून उंच वाढली होती, त्यामुळे फवारा अंगावर, तोंडावर येत होता. उकाडा होता, घाम होता, वारा फिरत होता. अंगात साधा शर्ट होता, हातमोजे नव्हते, आणि मजुरीवर दिवसभर फवारणारा माणूस एका वावरातून दुसऱ्या वावरात जात होता. बाटलीवरचे लेबल हे काहीच सांगत नाही. विषाची मात्रा बाटलीत ठरते, पण त्याचा परिणाम वावरात ठरतो. ओझोनबाबतही मला हेच म्हणायचे आहे. फरक इतकाच की ओझोनने माणूस शेतात कोसळत नाही, म्हणून कोणी चौकशी करत नाही.

आता आपल्या घराकडे पाहू. एसी घरातली हवा घरातच फिरवतो, खिडक्या बंद ठेवतो. त्यामुळे बाहेरचा ओझोन आत कमी येतो आणि आलेला भिंती-पडद्यांना लागून नष्ट होतो. आपल्या विदर्भात राज्य कूलरचे. कूलरचे कामच मुळी बाहेरची हवा ओढून आत ढकलण्याचे. ओझोन पाण्यात फारसा विरघळत नसल्याने कूलरच्या ओल्या गवताला तो दाद देत नाही. अमेरिकेतल्या अभ्यासात एसीने जे संरक्षण दिले ते आपल्या कूलरकडून मिळेल असे गृहीत धरू नका. पण म्हणून कोणी कूलर बंद करू नका! ४५ अंशांच्या उन्हात उष्माघात हा ओझोनपेक्षा जवळचा शत्रू आहे. दम्याचा रुग्ण घरात असेल तर निदान भर दुपारी त्याने आतल्या खोलीत बसावे, एवढेच.

दुपट्ट्याचेही तसेच. आपण उन्हात डोक्याला-तोंडाला दुपट्टा बांधतो. उन्हासाठी, धुळीसाठी तो उत्तम. वायू मात्र कापडातून आरपार जातो. कोरोनाच्या काळातला मास्कही ओझोन अडवत नाही. ओझोनपासून वाचायचा खरा उपाय एकच: वेळ. ज्या वेळी तो जास्त असतो त्या वेळी कष्टाचे काम टाळणे.

आणि इथे मला आपल्या वाडवडिलांचे कौतुक वाटते. विदर्भात उन्हाळा लागला की सकाळची शाळा. साडेसातला भरायची आणि ऊन चढायच्या आत सुटायची. बाकी महाराष्ट्रात जूनच्या मध्यावर शाळा उघडतात, आपल्याकडे महिना संपत आल्यावर. रानात मजूर पहाटे निघतात, तेंदूपत्ता तोडणारे तर उजाडण्यापूर्वी. ही व्यवस्था कोणी ओझोन मोजून केली नव्हती, उन्हाच्या भीतीने केली होती. पण उन्हाचे आणि ओझोनचे घड्याळ बरेचसे एकच आहे. म्हणून सकाळच्या शाळेला "विदर्भवाल्यांची सवलत" म्हणून हसणाऱ्यांना आता सांगा, हे शास्त्र आहे.

गोची होते ती इथे की शाळा सकाळी सुटते, पण त्यानंतरचे जग भर दुपारीच चालू राहते. क्रीडा शिबिरे, भरतीची तयारी करणाऱ्या पोरांचे धावणे, लग्नाच्या वराती, रस्त्याची आणि बांधकामाची कामे. दक्षिण कॅलिफोर्नियात १२ गावांतल्या साडेतीन हजारांवर मुलांना दमा नसताना अभ्यासात घेतले आणि पाच वर्षांपर्यंत त्यांच्यावर लक्ष ठेवले. २००२ साली निष्कर्ष आला. जास्त ओझोन असलेल्या गावांत तीन किंवा अधिक खेळ खेळणाऱ्या मुलांना दमा होण्याचा धोका अजिबात न खेळणाऱ्यांच्या तिपटीहून अधिक निघाला. कमी ओझोनच्या गावांत खेळण्याने धोका वाढला नाही. याचा अर्थ मुलांनी खेळू नये असा कोणी घेऊ नका. मैदान सोडलेल्या मुलांचे काय होते ते मी रोज पाहते. अर्थ एवढाच की कधी खेळावे याला महत्त्व आहे.

माझ्याकडे येणाऱ्या रुग्णांत मजुरी करणाऱ्या बाया पुष्कळ असतात. वर्षानुवर्षे चुलीपुढे बसून छाती आधीच अर्धी झालेली. एप्रिल-मे आला की त्यांची धाप वाढते. "ऊन लागलं" म्हणतात आणि कांद्याचा रस पितात. त्यांना पंप लिहून दिला की नवरा विचारतो, "याची सवय तर नाही लागणार ना?" फवारणीचा पंप पाठीवर घ्यायला जो माणूस बिचकत नाही, तो श्वासाच्या पंपाला भितो. तुम्ही सगळे गावात मान असलेली माणसे आहात. कोणी सरपंच झाले, कोणी शिक्षक, कोणी कृषी केंद्र चालवते. तुम्ही एका माणसाला जरी पटवले की दम्याचा पंप हे व्यसन नव्हे, त्यातले औषध थेट छातीत जाते आणि गोळीपेक्षा ते फार कमी लागते, तरी माझे आजचे भाषण सार्थकी लागेल. व्यसन म्हणायचेच असेल तर खर्ऱ्याला म्हणा. मागच्या दोन रांगांनी हसू नये; पुड्या मला इथून दिसताहेत.

शेतीचेही एक सांगते, कारण तब्येतीपेक्षा पिकाचे आपण लवकर ऐकतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१४ साली हिशेब मांडला. २००५ सालच्या ओझोनमुळे देशातला सुमारे ३५ लाख टन गहू आणि २१ लाख टन तांदूळ कमी पिकला. एवढ्या धान्यात दारिद्र्यरेषेखालची सुमारे ९.४ कोटी माणसे जेवली असती. त्यांनी कापूस आणि सोयाबीनचेही नुकसान मोजले होते, आणि ती आपली पिके आहेत. पानावरच्या ज्या छिद्रांतून झाड श्वास घेते त्यातूनच ओझोन आत शिरतो. धुऱ्यावर काडी लावणारा स्वतःच्याच पिकाच्या नाकाशी धूर धरतो.

आता शेवटचे, आपण काय करायचे. चार सूचना मांडते, समितीने विचार करावा.

एक. शाळेचा खेळाचा सराव फेब्रुवारीच्या शेवटापासून सकाळी आठच्या आत किंवा सूर्य कलल्यावर व्हावा. याला एक पैसा लागत नाही. क्रीडा शिक्षकांनी मनावर घेतले की झाले. दम्याचा विद्यार्थी कोण आहे हे त्यांना माहीत असावे आणि त्याचा पंप दप्तराच्या तळाशी न राहता मैदानावर असावा.

दोन. आपण जमवलेल्या निधीतून मैदानाभोवती फरसबंदी करण्याची कल्पना पुढे आली आहे. माझी विनंती आहे की आधी कडुनिंबाची सावली आणि थंड पाण्याची सोय करावी. कडुनिंब कडक उन्हाळ्यातही लवकर हिरवा होतो. फरशी मात्र दुपारभर तापते आणि संध्याकाळपर्यंत मुलांना भाजते.

तीन. प्रयोगशाळेसाठी पोटॅशियम आयोडाइड, मक्याचे पीठ आणि गाळणकागद एवढेच द्यावे. पिठाची पातळ खळ शिजवायची, त्यात थोडे पोटॅशियम आयोडाइड घालायचे, ती कागदावर फासून अंधारात वाळवायची. ही श्योनबाइनचीच जुनी युक्ती. असे कागद सावलीत आठ तास टांगले आणि मग पाण्यात बुडवले की ओझोनच्या प्रमाणात निळसर-जांभळा रंग येतो. हवेतल्या दमटपणाने रंग बदलतो, म्हणून यातून पक्का आकडा निघत नाही. पण एक कागद बसस्टँडवर, एक शाळेत, एक गावाबाहेरच्या वावरात, असे एकाच दिवशी टांगले तर मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल की हवा जागेप्रमाणे बदलते. पाच उन्हाळे हे नोंदले तर आपल्या तालुक्याची अशी नोंद दुसऱ्या कोणाकडे नसेल.

चार. पऱ्हाट्या, पालापाचोळा, कचरा जाळू नये हे आपापल्या गावात बोलावे. निदान आपल्या स्वतःच्या वावरात तरी पाळावे. पऱ्हाट्यांचा भुगा करून जमिनीत घालता येतो. त्याची यंत्रे ट्रॅक्टरला जोडता येतात, आणि चार-पाच जणांत मिळून एक घेता येते.

दिल्ली-मुंबईत बसून कोणी यवतमाळच्या दुपारचा हिशेब करणार नाही. कारण तो हिशेब हवेच्या आकड्यात नाही. तो आपल्या उन्हात, कूलरमध्ये, चुलीत आणि मजुराच्या श्वासात आहे. तो आपल्यालाच करावा लागेल, आणि या शाळेने आपल्याला गणित बऱ्यापैकी शिकवले आहे. न येणाऱ्यांना छडीनेही शिकवले, ते गुरुजी समोर बसलेच आहेत.

गुरुजनांना माझा नमस्कार. जेवणे तयार आहेत असा निरोप आला आहे. उन्हात उभे राहू नका, मंडपात या.